गॅस किती, यापेक्षा गॅस केव्हा?
(टाकी, इंजिन आणि संध्याकाळची वीज : सभासदांसाठी एक पाठ)

— ऊस विकास अधिकारी, परतूर



बेणे, बीजप्रक्रिया, सरीतले अंतर, खोडव्याचे पाचट हे आपल्या पत्रिकेतले माझे नेहमीचे विषय. या अंकात मात्र विजेवर बोलणार आहे. उसाला पाणी विजेवर जाते, म्हणून हा विषयही ऊस विकासाचाच समजावा.

निमित्त असे झाले. मागे एका गटसभेत खोडवा व्यवस्थापनावर बोलून मी खाली बसलो. तेवढ्यात मागच्या रांगेतले एक वयस्कर सभासद उठले. म्हणाले, "साहेब, सगळीकडं सोलर झालं. दुपारी लाईट उतू चालली म्हणतात. अन् दिवेलागणीला पुन्हा ओढाताण. मग दुपारची लाईट रात्रीसाठी ठेवून का देत नाहीत? आम्ही ज्वारी ठेवतो की बळदात!" सभेत हशा पिकला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मोठमोठे वीज अभियंते सध्या याच प्रश्नावर डोके खाजवत आहेत. आणि त्याच्या उत्तराचा एक भाग साखर कारखान्याच्या आवारात, प्रेसमडच्या ढिगात पडलेला आहे. तो कसा, ते आज पाहू.

१. वीज तोलावी लागते

आपण ऊस घेऊन गव्हाणीपाशी उभे राहता तेव्हा एक गोष्ट पाहिली असेल. गव्हाणीत एकदम जास्त ऊस पडला की मिल जड होते, आवाज बदलतो, टर्बाईनवरचा माणूस धावतो. ऊस कमी पडला की मिल हलकी पळते. दोन्ही वाईट. ऊस आणि वाफ यांचा मेळ क्षणाक्षणाला बसला पाहिजे.

विजेच्या जाळ्याचे तसेच आहे. देशभरची जनित्रे एकाच लयीत फिरतात. ती लय सेकंदाला ५० फेरे, म्हणजे ५० हर्ट्झ. आपल्या देशाच्या ग्रीड नियमांप्रमाणे ही लय ४९.९० ते ५०.०५ च्या आत राहावी लागते. लोकांनी मोटारी जास्त लावल्या आणि निर्मिती तेवढीच राहिली, तर लय खाली जाते. निर्मिती जास्त झाली तर वर जाते. म्हणून ज्या क्षणी जेवढी वीज वापरली, त्या क्षणी तेवढीच तयार झाली पाहिजे. बळदातल्या ज्वारीसारखी वीज पडून राहत नाही. ठेवायची तर आधी तिचे दुसरे काहीतरी करावे लागते: उंचावरचे पाणी, बॅटरी, किंवा जाळायला राखून ठेवलेले इंधन.

२. सूर्य आला, संध्याकाळ उरली

रात्रीच्या पाण्याचे दुःख मी आपणास काय सांगावे? आठवड्यातले काही दिवस दिवसा लाईट, काही दिवस रात्री. जानेवारीच्या थंडीत रात्री दीडला उठायचे, बॅटरी घ्यायची, गुडघाभर चिखलात बारे मोडायचे. साप-विंचवाची भीती वेगळीच. आमच्या घरीही वडिलांनी हेच केले, आणि ते परत येईस्तोवर आई जागी असायची.

हे बदलावे म्हणून शेतीचे फीडर सौर विजेवर नेण्याची योजना महाराष्ट्रात २०१७ साली सुरू झाली. २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा चालू आहे. त्या टप्प्यातला पहिला ३ मेगावॅटचा प्रकल्प २०२४ साली आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला उभा राहिला. देशपातळीवर पाहिले तर जून २०२५ अखेर वीजनिर्मितीच्या एकूण स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल, वायू यांच्याशिवायची झाली. मोठी गोष्ट आहे. दिवसा पाणी मिळणे ही काही चैन नव्हे, तो शेतकऱ्याचा हक्क आहे.

पण सूर्य संध्याकाळी मावळतो. त्याच वेळी घराघरांत दिवे लागतात, टीव्ही, पंखे, पिठाच्या गिरण्या सुरू होतात. दोन-तीन तासांत सूर्याची सगळी वीज जाते आणि मागणी मात्र चढते. ही खिंड कोणी भरायची? परळीसारख्या औष्णिक केंद्राचा बॉयलर दुपारी विझवून संध्याकाळी पेटवता येत नाही. थंड बॉयलर तापायला कित्येक तास लागतात. म्हणून तो दुपारीही मंद का होईना, चालूच ठेवावा लागतो. मग दुपारी वीज जास्त आणि संध्याकाळी कमी, असा विचित्र संसार होतो.

याचा परिणाम दरातही उतरला आहे. केंद्राने २०२३ साली केलेल्या नियमानुसार उन्हाच्या तासांतली वीज किमान २० टक्के स्वस्त आणि जास्त मागणीच्या तासांतली वीज १० ते २० टक्के महाग असावी, असे ठरले. शेतीपंप त्यातून वगळलेले आहेत. म्हणजे सरकारनेच मान्य केले की दुपारचे युनिट आणि संध्याकाळचे युनिट यांची किंमत सारखी नाही. पुढचा सगळा पाठ या एका वाक्यावर उभा आहे.

३. कोयनेने काय केले?

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. कोयनेचा १,९६० मेगावॅटचा प्रकल्प मुख्यतः मागणी चढते तेव्हाच चालवायचा, अशी रीत आहे. पाणी धरणात थांबते. मागणी वाढली की दरवाजा उघडायचा, काही मिनिटांत वीज तयार. घाटघरला २५० मेगावॅटचा प्रकल्प २००८ साली सुरू झाला. तिथे वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर चढवतात आणि गरजेला खाली सोडतात. आपल्या पैठणलाही धरणाच्या पायथ्याशी असा उलटसुलट चालू शकणारा १२ मेगावॅटचा संच आहे.

पण मराठवाड्यात डोंगरउतार थोडे आणि पाणी त्याहून थोडे. दुधनेत पाणी आले तर आपण आधी पिके पाहणार. तेव्हा आपल्याला कोयनेसारखे दुसरे काही हवे, जे थांबवून ठेवता येईल आणि हाक मारली की धावेल. तशी एक गोष्ट आपल्या परसातच होती.

४. आईची गोबरगॅसची टाकी

लहानपणी आमच्या गोठ्यामागे खादी ग्रामोद्योग पद्धतीचा, लोखंडी तरंगत्या टाकीचा गोबरगॅस होता. दोन घनमीटरचा. रोज साधारण पन्नास किलो शेण आणि तेवढेच पाणी कालवून घालायचे. शाळेतून दुपारी आलो की टाकी छातीएवढी वर आलेली असायची. रात्री जेवणे झाली की खाली बसलेली.

तेव्हा मला वाटायचे, गॅस दुपारीच तयार होतो. पुढे कृषी पदविकेला गेल्यावर समजले की तसे नाही. खड्ड्यातले जीवाणू चोवीस तास सारखेच काम करतात. आई मात्र सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास शेगडी पेटवायची. मधल्या वेळचा गॅस टाकी सांभाळून ठेवायची. गॅस संथपणे तयार होतो आणि चूल हवी तेव्हाच पेटते. या दोघांमध्ये टाकी उभी असते.

हेच मोठ्या प्रमाणावर करायचे. शेगडीच्या जागी गॅसचे इंजिन व जनित्र, लोखंडी टाकीच्या जागी रबरी कापडाचा मोठा घुमट. दुपारी सूर्याची वीज भरपूर असताना इंजिन बंद ठेवायचे, घुमट फुगू द्यायचा. संध्याकाळी इंजिन चालू करायचे. गरम ठेवलेले गॅस इंजिन काही मिनिटांत पूर्ण भार घेते. बगॅसचा बॉयलर हे करू शकत नाही, सोलरचे पॅनेल तर नाहीच.

५. हिशेब मांडून पाहू

आकडे समजण्यापुरते घेतो. प्रत्यक्षात प्रेसमडच्या प्रतीप्रमाणे कमीजास्त होतील.

समजा, कारखान्याचे गाळप रोज २,५०० टन. प्रेसमड उसाच्या सुमारे ४ टक्के, म्हणजे रोज १०० टन. एका टनापासून सुमारे ९० घनमीटर गॅस धरला तर रोज ९,००० घनमीटर. या गॅसमध्ये मिथेन ५५ ते ६० टक्के असतो. एक घनमीटर गॅसपासून इंजिनावर जवळपास २ युनिट वीज मिळते. म्हणजे दिवसाची १८,००० युनिटे.

आता ही १८,००० युनिटे तीन तऱ्हांनी काढता येतील:

(अ) चोवीस तास सारखी : ७५० किलोवॅटचे इंजिन पुरे. साठवण नाममात्र.

(आ) फक्त १२ तास : १,५०० किलोवॅटचे इंजिन, आणि उरलेल्या १२ तासांचा ४,५०० घनमीटर गॅस मावेल असा घुमट.

(इ) फक्त ६ तास, म्हणजे संध्याकाळ व थोडी पहाट : ३,००० किलोवॅटची इंजिने आणि ६,७५० घनमीटरची साठवण.

तिन्हींमध्ये प्रेसमड तेवढाच, गॅस तेवढाच, युनिटेही तेवढीच. फरक फक्त वेळेचा. पण (अ) मध्ये निम्म्याहून अधिक युनिटे नको त्या वेळी जातात. (इ) मध्ये धोंदलगावच्या प्रकल्पाएवढी, म्हणजे ३ मेगावॅट ताकद सूर्य मावळल्यावर हजर होते. पाच अश्वशक्तीच्या मोटारीला साधारण ५ किलोवॅट धरले तर ती ६०० मोटारींएवढी ताकद झाली.

ज्या कारखान्याला डिस्टिलरी आहे, तिथे स्पेंटवॉशही आहे. एक लिटर अल्कोहोलमागे जुन्या पद्धतीत १० ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतो, आणि एका घनमीटर स्पेंटवॉशपासून सुमारे ३० घनमीटर गॅस मिळू शकतो. आज बरेच कारखाने तो आटवून बॉयलरमध्ये जाळतात, तिथे हा गॅस मिळणार नाही. एकच माल दोनदा मोजू नये.

आणखी एक बारकावा. प्रेसमड मिळतो गाळपाच्या चार-पाच महिन्यांत, आणि त्या काळात कारखान्याची बगॅसची वीज चालूच असते. खरी अडचण ऑक्टोबरात येते. पाऊस संपतो, वारा पडतो, सगळ्या मोटारी सुरू होतात आणि कारखान्याची मोळी अजून पडलेली नसते. म्हणून थोडा प्रेसमड झाकून, दाबून त्या दिवसांसाठी राखणे शहाणपणाचे. उघड्यावर टाकला तर गॅस देणारा भाग कुजून उडून जातो, ढीग आतल्या आत तापतो, कधीकधी पेटतोही. वर्षभर पुरवायचा म्हटले तर रोजचा गॅस वरच्या हिशेबाच्या निम्म्याखाली येईल, हेही लक्षात ठेवावे.

६. जर्मनीने आधी चूक केली, मग दुरुस्त केली

हे काम जगात सर्वांत मोठ्या प्रमाणावर जर्मनीत झाले आहे. तिथे नऊ हजारांच्या आसपास बायोगॅस प्रकल्प आहेत, पुष्कळसे शेतकऱ्यांचे. सुरुवातीला सरकारने प्रत्येक युनिटला एकच ठरलेला दर दिला. मग शेतकऱ्याने काय करावे? त्याने लहान इंजिन बसवले आणि ते रात्रंदिवस चालवले. त्याचे काही चुकले नाही. जसा दर, तसे वर्तन.

पुढे वारा आणि सूर्य वाढले. दुपारी विजेचा बाजारभाव पडू लागला, तरीही बायोगॅस प्रकल्प ठरल्याप्रमाणे चालूच. तेव्हा २०१२ साली कायदा बदलला. जो प्रकल्प जादा इंजिन बसवील आणि गरजेच्या वेळी चालवील, त्याला त्या जादा ताकदीबद्दल वेगळी रक्कम मिळू लागली. पुष्कळांनी तोच गॅस ठेवून दुसरे इंजिन आणि मोठा घुमट घेतला. परंतु आधी सगळे लहान मापाने बांधलेले, त्यामुळे नळ्या, ट्रान्सफॉर्मर, टाक्या पुन्हा बदलाव्या लागल्या. दुहेरी खर्च.

आपण उशिरा निघालो आहोत, त्याचा हा फायदा. दुसऱ्याला ठेच लागली तिथे आपण पाऊल जपून टाकू शकतो.

दराचे गणितही सोपे आहे. संध्याकाळच्या युनिटाला समजा एक रुपया जादा मिळाला, तर रोजचे १८,००० रुपये, १५० दिवसांचे २७ लाख. त्यातून चौपट इंजिनांचा व घुमटाचा हप्ता भागतो का, ते पाहायचे. आणि चोवीस तास एकच दर असेल तर मोठे इंजिन घेणे म्हणजे हौसेचा खर्च. म्हणून यंत्र ठरवण्याआधी करार वाचला पाहिजे.

७. पचनाची काळजी

बायोगॅसची टाकी म्हणजे म्हशीचे पोट समजा. म्हशीला चार दिवस उपाशी ठेवून पाचव्या दिवशी पोतेभर सरकी घातली तर पोट फुगते. टाकीचेही तसेच. एकदम जास्त माल घातला की आत आंबट वाढते, मिथेन करणारे जीवाणू मरगळतात आणि गॅस बंद पडतो. पुन्हा बसवायला आठवडे जातात.

म्हणून नियम असा: इंजिन हवे तेव्हा थांबवावे, टाकीचे खाणे मात्र नियमित ठेवावे. बदल करायचा तर हळूहळू. स्पेंटवॉशसारखा पातळ माल लवकर गॅस देतो, शेण आणि प्रेसमड सावकाश देतात. सरावलेला माणूस पातळ माल दुपारनंतर घालून संध्याकाळचा गॅस थोडा वाढवू शकतो. पण तो सरावानंतरचा डाव आहे.

दुसरी काळजी गंधकाची. साखर शुभ्र करायला गंधकाचा धूर वापरतात, त्यामुळे प्रेसमडच्या गॅसमध्ये कुजक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू जास्त असतो. तो काढला नाही तर इंजिन खाऊन टाकतो. माणसाला तर तो क्षणात बेशुद्ध करतो, आणि प्रमाण वाढले की त्याचा वासही येईनासा होतो. टाकीत किंवा खड्ड्यात कोणीही, कोणत्याही कारणाने, साधनांशिवाय उतरू नये. आत पडलेल्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात, असे अनेक ठिकाणी घडले आहे.

८. सभासदांच्या तीन शंका

"शेतीची वीज माफ आहे, मग मला काय त्याचे?" साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून राज्यात मोफत वीज आहे, खरे. पण फुकटची लाईट रात्री दीडला आली तर तिची किंमत कोण भरतो? ज्याला चिखलात उभे राहावे लागते तो. दिवसाचे पाणी टिकायचे असेल तर रात्रीची वीज दुसऱ्या कोणीतरी सांभाळली पाहिजे. शिवाय कारखान्याला मिळालेला रुपया शेवटी उसाच्या बिलातच यावा, ही आपली सर्वांची अपेक्षा आहे.

"आमचे प्रेसमडचे खत जाणार का?" ही शंका सर्वांत रास्त आहे. गॅसमध्ये जातो तो मुख्यतः कर्ब. नत्र, स्फुरद, पालाश जवळजवळ सगळे मागे राहतात, आणि नत्राचा काही भाग पिकाला लवकर लागू पडेल अशा रूपात येतो. मात्र सेंद्रिय कर्ब कच्च्या प्रेसमडपेक्षा कमी असतो, म्हणून पाचट न जाळता शेतातच कुजवणे अधिक गरजेचे होईल. उरलेला गाळ सभासदाला कोणत्या दराने, किती परत मिळणार, हे आधी लेखी ठरले पाहिजे.

"गॅस दाबून गाडीला विकला तर?" तोही चांगला मार्ग आहे. ५ ऑक्टोबर २०२५ रोजी कोपरगावच्या सहकारमहर्षी शंकरराव कोल्हे सहकारी साखर कारखान्यात रोज १२ टन दाबित बायोगॅस करण्याच्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. हा सहकारी क्षेत्रातला देशातला पहिला प्रकल्प म्हणून सांगितला गेला. जवळ गिऱ्हाईक आणि योग्य दर असेल तर गॅस विकावा. बॅटऱ्यांचे दरही गेल्या काही वर्षांत खूप उतरले आहेत. दुपारची वीज संध्याकाळी दोन-चार तास देणे बॅटरीला चांगले जमते. पण श्रावणात पाच दिवस आभाळ भरून राहिले तर बॅटरीत भरायला वीज आणायची कोठून? झाकून ठेवलेला प्रेसमड तेव्हा उपयोगी पडतो. म्हणून बॅटरीला वैरी न मानता शेजारी मानावे, आणि आपला गॅस अशा दिवसांसाठी राखावा ज्या दिवसांत तिचा इलाज चालत नाही.

उजळणी

असा प्रकल्प कोठल्याही कारखान्याच्या सभेपुढे आला तर सभासदांनी पाच प्रश्न जरूर विचारावेत:

१) युनिटचा दर चोवीस तास एकच आहे, की संध्याकाळी वेगळा? करार किती वर्षांचा?
२) घुमटात किती तासांचा गॅस मावतो?
३) आज लहान इंजिन घेतले तरी उद्या दुसरे बसवायला जागा, नळी आणि ट्रान्सफॉर्मरची सोय ठेवली आहे का?
४) गाळप बंद असताना टाकीला काय घालणार?
५) गाळाचे खत सभासदाला परत कसे मिळणार?

पाचांची उत्तरे आकड्यांत मिळाली तर हात वर करावा. "पुढे बघू" असे उत्तर आले तर हात खालीच ठेवावा. वीस वर्षांच्या करारात पुढे बघायला काही उरत नसते.

मागच्या रांगेतल्या त्या दादांना मी सभेत नीट उत्तर देऊ शकलो नव्हतो, म्हणून हा पाठ लिहिला. दादा, दुपारची लाईट बळदात राहत नाही. पण दुपारचा गॅस टाकीत राहतो. आपल्या घरातल्या बायकांना हे केव्हाच ठाऊक होते.

शंका असल्यास गट कार्यालयात चिठ्ठी द्यावी. पुढील अंकात उत्तरे देईन. आणि हो, खोडव्याचे पाचट पेटवू नका!

आपला,
ऊस विकास अधिकारी